निगेटिव्ह अहवालानंतर

“ईसीजी निर्दोष आहे. ही पॅनिक डिसऑर्डर आहे,” बिदरच्या मनोविकारतज्ज्ञ म्हणाल्या. म्हणजे धोका नसताना शरीराने दिलेला धोक्याचा इशारा: श्वास कोंडतो, आपण मरतो आहोत याची खात्री पटते. मी सूक्ष्मजीवशास्त्रातली पदव्युत्तर पदवीधर. निदान मी नाकारले. शेजारी माझे वडील, अप्पा, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून बसले होते. तो हात मी मोडला होता.

महासाथीत मी कलबुर्गीला स्वॅब तपासत होते. मलाच संसर्ग झाल्यावर दुबलगुंडी गावातल्या घरी मागच्या खोलीत राहिले. पुढे अहवाल निगेटिव्ह आला, तरी बाहेर पडले नाही. दर तासाला नाडी, ऑक्सिजन, तापमान नोंदवत होते. त्याला मी दक्षता म्हणत होते.

आमचे घर मेंढपाळांचे. आजारी मेंढी वेगळी बांधली तरी कुडापलीकडे एक धडधाकट मेंढी ठेवतात; एकटी असली की ती चारा सोडते. अप्पांनी तोच नियम लावून उंबऱ्याबाहेर घोंगडी टाकली.

“लांब बसा, अप्पा.”

“लांबच हाय की. कामून वरडायलीस?”

“विषाणूला घोंगडी कळत नाही.”

“मंग सांग त्याला, हितं म्हातारा बसलाय.”

ते तिथे बसू लागल्याच्या तिसऱ्या दुपारी माझा श्वास अडला. अप्पा पाणी घेऊन आत आले. माझा श्वास त्यांच्या फुप्फुसांत शिरताना मला दिसत होता. मी दाराचा अडसर उचलला. पहिला फटका तांब्यावर बसला, दुसरा मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज ऐकूनही मी तिसऱ्यांदा हात उगारला. आईने मागून मला जमिनीवर पाडले.

“व्हय, जातो भायेर,” अप्पा म्हणाले.

हाडांच्या डॉक्टरांना त्यांनी सांगितले, “मेंढीनं धडक मारली.” मी खरे सांगितले. त्या डॉक्टरांनीच आम्हाला वरच्या मजल्यावर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले.

“विषाणूपासून वडिलांना वाचवत होतात,” मनोविकारतज्ज्ञांनी विचारले, “मग इजा कुणी केली?” त्यांनी एसएसआरआय गटातील, म्हणजे मेंदूतील सेरोटोनिनवर काम करणारी गोळी दिली. परिणामाला काही आठवडे लागतील. तोवर एकटे राहायचे नाही, झटका येताच तोंडाने सांगायचे.

चौथ्या दिवशी झटका आला. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. “अप्पा, आलाय.” ते जागचे हलले नाहीत. माझा श्वास जुळेपर्यंत एकेका मेंढीचे गाऱ्हाणे सांगत राहिले.

स्वतःची नाडी सतत मोजत असाल, झोप उडाली असेल, घरच्यांवर हात उगारावासा वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. मी हाड मोडेपर्यंत थांबले.

अप्पांचे मनगट आजही पुरते वळत नाही. लोकर कातरताना मेंढी धरण्याचे काम माझे.

“घट्ट धर,” ते म्हणतात, “पन मारू नकोस, बाई.”