अक्कांचा ब्रेक

सोलापुरातल्या सगळ्या सरकारी कचेऱ्या धुंडाळल्या तरी आमच्या अक्कांइतकं पक्कं माणूस तुम्हाला मिळायचं नाही, आणि नेमकं तेच माणूस कच्च्या नोकरीवर होतं. अक्का एजन्सीच्या. म्हणजे काम आमच्या रेकॉर्डरूममध्ये, बोलणी आमच्या साहेबांची, पण माणूस एजन्सीचं. ऑर्डर अकरा महिन्यांची, मग आठ दिवस ब्रेक, नवव्या दिवशी पुन्हा नवी ऑर्डर. असं चौदा वर्षं चाललं. तेवढ्या काळात आमचे पाच कायम साहेब बदलून गेले. प्रत्येकाच्या निरोपाला सगळ्यात जास्त रडायच्या त्या अक्काच, आणि नवे साहेब आले की पहिल्याच दिवशी त्यांना सुनवायच्या, "साहेब, खुर्ची भिंतीकडं सरकवा. खिडकीतनं ऊन लई येतंय. आदीच्या साहेबांचं डोस्कं उठायचं."

बाईंचं माहेर माळशिरसकडचं, आवाज दोन शेतांपलीकडे पोचणारा. त्या रेकॉर्डरूममध्ये बोलल्या की वरच्या मजल्यावरचे लोक उत्तर द्यायचे. फाईल मागायला गेलं तर नंबर विचारायच्या नाहीत, माणूस विचारायच्या. "कुनाची? त्या दोन भावांच्या बांधाची व्हय? ती खालच्या फळीवर हाय. वर ठिवली की पडती." कॉम्प्युटरवर आमची नोंद सापडेपर्यंत फाईल धूळ झटकून टेबलावर आलेली असायची.

खरी गंमत ब्रेकची. ते आठ दिवस कागदोपत्री अक्का आमच्या कुणीच नव्हत्या, आत पाऊल टाकायची सोय नाही. पण घरी बसतील तर त्या अक्का कसल्या! सकाळी दहाला डबा घेऊन फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर हजर. मग काय, हेडक्लार्क धरून अख्खं ऑफिस दर अर्ध्या तासाला रस्ता ओलांडायचं. "अक्का, ती मोजणीची फाईल कुठंय हो?" एकदा तर तपासणीला आलेल्या पथकालाच आम्ही तिकडे नेलं. अक्कांनी आधी त्यांना भजी खायला लावली आणि मग कपाट, खण, गठ्ठा सगळं बसल्या जागी सांगून टाकलं. पथकाच्या प्रमुखांनी जाताना विचारलं, "या बाई कोणत्या पदावर आहेत?" आम्ही सगळे चहाच्या कपात बघत राहिलो.

यंदा टेंडर दुसऱ्या एजन्सीला गेलं. नव्या यादीत अक्कांचं नाव नव्हतं. त्यांच्या जागी कोर्स केलेली एक मुलगी आली, आणि ब्रेकच्या तिसऱ्याच दिवशी दुपारपर्यंत रडकुंडीला आली. कुणीतरी तिला टपरीकडे बोट दाखवलं. ती रस्ता ओलांडताना दिसली तेव्हा मी अक्कांच्या शेजारीच बसलो होतो. अक्कांची नोकरी वाचवायची एवढंच माझ्या डोक्यात. मी घाईघाईनं म्हटलं, "अक्का, आता आठवडाभर तोंड उघडू नका. काम अडलं की साहेब झक मारत बोलावतील तुम्हाला."

अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी दोन वीत बाजूला सरकलो. "आन् ही कुटं जाईल? तिला आलं न्हाय म्हनून तिचंबी नाव खोडतील की." आणि लगेच तो मोठा आवाज, "ये गं बाई, बस हितं. जेवलीस का?"

पुढचे पाच दिवस बाकड्यावर शाळा भरली. पोरगी वहीत लिहायची, चुकली की अक्का पुन्हा आत पिटाळायच्या. मी अजून आशेवर होतो, अक्का नव्हत्या. शेवटच्या दिवशी साहेब स्वतः रस्ता ओलांडून आले.

"अक्का, काही अडलं तर फोन करू ना?"

"करा की, साहेब. पन आदी तिला इचारा. न्हाय म्हनली तरच मला करा."

अक्का आता माहेरी राहून श्रीपूरच्या साखर कारखान्याच्या ऑफिसात असतात, तिसऱ्याच एजन्सीकडून, हंगामापुरत्या. मला रोज वाटतं, आज काहीतरी अडावं. पण ती पोरगी, मी विचारायच्या आत, "कुणाची, सर?" म्हणते आणि फाईल आणून टेबलावर ठेवते. सहा महिने झाले, फोन करायला एक निमित्त मिळालेलं नाही. इतकं चांगलं शिकवायला नको होतं हो, अक्का.