सॅक्सोफोनवरची हाक

गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या आमच्या जुन्या घरावरून मी अजूनही स्कूटीनं जाते. आता तिथं दुसरे लोक राहतात. खिडकीतून टीव्हीचा आवाज येतो आणि दर वेळी वाटतं, थांबावं आणि सांगावं, बाबांनो, या घराला हा आवाज शोभत नाही. मग मुकाट्यानं पुढे निघते. पण त्या घराचा खरा आवाज कोणता असं मला कोणी विचारलं, तर मी एकच सांगेन: आईची कटकट, आणि तिच्यामागून लगेच बाबांचा सॅक्सोफोन.

बाबा लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे, पण त्यांचा जीव जॅझमध्ये. तो त्यांना गोंदियातच सापडला, रेल्वेच्या जुन्या क्लबात. तिथं एक म्हातारा अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर सॅक्सोफोन वाजवायचा. बाबा त्याच्यापाशी जाऊन बसत, आणि देश सोडून जाताना तो आपलं वाद्य आणि रेकॉर्डींचा गठ्ठा त्यांच्या हवाली करून गेला. जॅझ म्हणजे काय असं मी लहानपणी विचारलं, तेव्हा सालेकसाकडच्या शेतकऱ्याच्या पोरानं द्यावं तसंच उत्तर त्यांनी दिलं. गाय सकाळी रानात सोडतो, ती वाटेल तिथं चरते, पण दिवस बुडताना आपल्या पायांनी गोठ्यात येते. धून तशी सोडायची. वरातीत मात्र ही गाय फारच लांब जायची. नाचणाऱ्यांचा ठेका चुकायचा आणि बँडमास्टर ओरडायचा, "भाईसाब, सीधा बजाओ ना." बाबा दोन मिनिटं सरळ वाजवायचे, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

घरात त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. आई चिचगडची. अंगणातून बोलली तरी चौकापर्यंत ऐकू जावं असा आवाज. बाबांना हाक मारायची ती "आयकता का जी?" अशी, शेवटचा 'जी' जरा वर उचलून. बाबा ओ देत नसत. तीच हाक, तिच्याच चढउतारासकट, ते सॅक्सोफोनवर वाजवत आणि मग तिला शेपूट जोडून कुठल्या कुठं नेत. आई भाजीवाल्याशी भांडली की ते भांडण वाजायचं. मला "अभ्यास काऊन नाही करत व?" म्हणाली की तेही. मी आणि भाऊ हसून लोळायचो. आई हातात लाटणं घेऊन बाहेर यायची, रागावलेला चेहरा मोठ्या कष्टानं टिकवायची आणि विचारायची, चिडवून राहिले का मले? पुढच्याच क्षणी तेही वाजत असायचं.

एकदा त्यांना कोलकात्याच्या एका हॉटेलात वाजवायला बोलावणं आलं. खरा जॅझ, ऐकणारे खरे, अंगात कोट. आम्ही तेव्हा शाळेत होतो. बाबा गेले आणि काही आठवड्यांत परत आले. तिथं टाळ्या पुष्कळ वाजतात, म्हणाले, पण 'जेवून घ्या' असं कोणी म्हणत नाही. आईनं त्यांना मूर्खात काढलं आणि त्या दिवशी भात जरा जास्तच वाढला.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी आई गॅससमोर कोसळली. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. व्यायामानं हातापायात हळूहळू जीव आला. बोलणं येईना. डॉक्टरांचं म्हणणं, तिला सगळं समजतं, शब्द तेवढे सापडत नाहीत. तिच्याशी बोलत राहा, यायचं ते बहुतेक सुरुवातीच्या महिन्यांतच येईल. मी ते फार मनावर घेतलं. चमचा, वाटी, कंगवा घेऊन रोज तिच्यासमोर बसायची आणि हे काय, ते काय असं विचारायची. जिच्या तोंडाचा पट्टा जन्मात थांबला नव्हता, ती माझी आई माझ्याकडे बघायची आणि भिंतीकडे तोंड फिरवायची. मला तिचा राग यायचा आणि मग त्या रागाचंच रडू यायचं.

त्यात भेटायला येणारे. प्रत्येकाला डॉक्टरांपेक्षा जास्त कळत होतं. डोक्याच्या नसा नाजूक झाल्या आहेत, घरात बाजा वाजू देऊ नका, असं एका मामांनी सांगितलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाबा इतके घाबरले होते की त्यांनी मुकाट्यानं सॅक्सोफोन कपाटात ठेवला. लग्नांचे दिवस सुरू झाले. बँडवाले बोलवायला आले, त्यांना बाबांनी दारातूनच, यंदा नाही, असं सांगून परत पाठवलं. आईला भरवायचं, तिच्या केसांना तेल लावायचं, वाकडीतिकडी वेणी घालायची, एवढंच ते करत. बोलत जवळजवळ नव्हतेच. मुळात ते बोलणारे नव्हतेच; त्यांचं बोलणं त्या कपाटात बंद होतं. माझं ते घर इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं.

एका दुपारी मी गल्लीत वळले आणि सॅक्सोफोन ऐकला. डोक्यात तिडीकच गेली. स्कूटी तशीच उभी करून, आज बाबांना चार शब्द सुनवायचेच असं ठरवून आत शिरले. बाबा आईच्या पलंगापाशी स्टुलावर बसले होते. त्यांनी एवढीशी ओळ वाजवली, शेवटचा सूर वर उचलला आणि थांबले. मी दारातच थबकले. ते 'आयकता का जी?' होतं.

"बोलत राहा म्हणते डॉक्टर," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "मले बोलता कुठं येते? तिचंच तिले आयकवून राहिलो."

आई त्यांच्या बोटांकडे बघत होती. भिंतीकडे नाही.

मग ते रोजचंच झालं. तिनं भाजीवाल्याला सुनावलेलं, आम्हाला जेवायला बोलावलेलं, सगळं ते तिला ऐकवायचे, आणि ती हाक तर पुन्हा पुन्हा. पण एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. बाबा सरळ वाजवत होते. शेपूट नाही, वळण नाही, रोज तीच ओळ, तशीच्या तशी. एकच धून जन्मात दोनदा सारखी न वाजवलेला माणूस आईला तिचा स्वतःचा आवाज ओळखू यावा म्हणून जॅझ सोडून बसला होता. बँडमास्टरला जे कधी जमलं नाही, ते आईनं एक शब्द न बोलता करून घेतलं.

महिने जात होते. आई ऐकायची, कधी ओठ हलवायची, पण आवाज नाही. यायचं ते आलं असतं एव्हाना, असं आम्ही दोघं भाऊ-बहीण स्वयंपाकघरात कुजबुजायला लागलो होतो. बाबांसमोर म्हणायची हिंमत नव्हती.

त्या दिवशी मी त्याच खोलीत खाली बसून तांदूळ निवडत होते. चहा झाला होता. बाबांनी हाक वाजवली, थांबले, पुन्हा वाजवली आणि थांबले. आणि पलंगावरून आईनं बाबांचं नाव घेतलं.

नुसतं नाव. पुढे राव नाही, जी नाही. शाळेत हजेरी घेताना घेतात तसं, स्पष्ट. उभ्या संसारात हे नाव तिनं घेतलं ते हळदीकुंकवाला बायकांनी फारच आग्रह केला तर, आणि तेही उखाण्यात गुंडाळून. एरवी रेशन दुकानात कोणी नवऱ्याचं नाव विचारलं तरी ती मला पुढे करायची.

आपण काय बोललो हे तिलाही कळलं असावं. तिनं डावा हात पटकन तोंडावर ठेवला आणि नव्या नवरीसारखी खाली बघायला लागली.

बाबांनी सॅक्सोफोन मांडीवरून खाली ठेवला. आजवर त्यांनी तिच्या हाकेला तोंडानं कधी ओ दिली नव्हती.

"हाव," ते म्हणाले. "इथंच आहो." मग तिच्याकडे वाकून, "आणखी एक डाव म्हण ना व."

आईनं जोरात मान हलवली. नाही म्हणजे नाही.

बाबा रडत होते आणि आई लाजत होती. मी तांदूळ तसेच टाकून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्या दोघांच्या मधे माझं काही काम नव्हतं.