दोन वायरींचा मान

आमच्या पतसंस्थेत नेटवर्कच्या कामाला बीडहून एक माणूस आला होता. त्याचं नाव कुणी विचारलं नाही; पाणीसुद्धा विचारलं नाही. वायरीला हात लावण्याआधी तो दोन्ही तळहात पँटला पुसायचा, एवढं मात्र लक्षात राहिलं.

बाजाराच्या दिवशी वायर निसटली की काउंटरवर बोंबाबोंब व्हायची. म्हणून त्याने सर्व्हरपासून स्विचपर्यंत, म्हणजे काउंटरवरचे सगळे संगणक जोडणाऱ्या डबीपर्यंत, एकाऐवजी दोन वायरी ओढल्या.

"दोन्ही मिळून एकच समजायच्या," तो म्हणाला. "स्विचलाबी तसं सांगून ठिवलंय. आता एक निघाली तरी काम थांबत न्हाई."

हे दाखवायला त्याला एक वायर काढायची होती. पण आमच्याकडे साधा नळ सुरू करायचा तरी हार-नारळ लागतो. लगेच फोटोवाला आला. वायर काढण्याचा मान अध्यक्षांना मिळाला. उपाध्यक्ष दुसऱ्या गटाचे, त्यांचं तोंड उतरलं. तेव्हा सचिवांनी दुसरी वायर त्यांच्या हातात दिली.

"अवो साहेब, एकच..." तो म्हणेपर्यंत दोघांनी कॅमेऱ्याकडे हसत दोन्ही वायरी उपटल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. काउंटरवरचे सगळे संगणक थांबले आणि रांग ओरडायला लागली.

अध्यक्ष खेकसले, "काय रे, तू तर म्हनलास काम थांबत न्हाई!"

त्याने तळहात पँटला पुसले. "साहेब, मी वायर तुटायचा इचार केलता. मानाचा न्हवता केला."

तो फोटो आता आमच्या भिंतीवर आहे. दोघंही हातात वायर धरून हसतायत. कडेला, फोटो कापताना उरलेला, पँटला पुसणारा एक हात दिसतो.