न विचारता कापलेला टायर

कोपऱ्यावरचा सायकलवाला बोलतो तो टायरकडं बघूनच. मान खाली, अंगठा रबरावर. कुणीही आलं तरी पहिला सवाल एकच, "जाणार कुठं?"

माझी लेक रोज सायकलनं कंपनीत जाते आणि रविवारी लेण्यांमागच्या डोंगरात. तिच्यासाठी मी बाजारातून मोठ्या गाठींचा नवा टायर आणला होता. तो बसवायला त्याच्याकडं दिला आणि लेक कुठं कुठं जाते तेही सांगितलं. त्यानं टायर वाकवला, कडेच्या बारीक भेगांवरून बोट फिरवलं आणि सुरीनं सरळ आरपार कापला.



"लई दिवस दुकानात पडून सुकलाय, ताई. उतारावर फुटला असता. अन् असल्या गाठी डांबरावर सायकल नुसती मागं ओढत्यात. मधी सपाट, कडंला गाठी, असा घ्या. दोन्हीकडं चालतो."

"अहो, विचारायचं तरी!" मी म्हणाले.

"विचारलं असतं तर काय म्हणल्या असत्या?"

मी म्हणाले असते, नवा आहे, बसवा, चालेल. लेकीचा जीव त्या टायरवर असताना मी हेच म्हणाले असते, आणि ते त्यानं माझ्याआधी ओळखलं होतं.