चिठ्ठीत न मावलेल्या ओळी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत नववर्षाच्या सकाळची उपासना संपली, की वचनांच्या चिठ्ठ्यांचं ताट फिरतं. जो जी चिठ्ठी उचलेल, ते देवाने त्याला वर्षभरासाठी दिलेलं वचन. शास्त्रातून ओळी काढून लिहिणं, कापणं, घड्या घालणं ही कामं माझी.

यंदा आईने उचललेल्या चिठ्ठीत बंदिवासात नेलेल्या लोकांना दिलेलं वचन होतं: तुम्हाला मी परत तुमच्या जागी आणीन. आई बाकावरच रडायला लागली. माझा धाकटा भाऊ दिवाळीनंतर सुरतेला कामाला गेला होता आणि नाताळाआधीपासून त्याचा फोन बंद होता.

मी ठेकेदाराला विचारलं. खोलीतल्या सोबत्यांना, कारखान्याच्या चौकीदाराला, शेलूबाजारहून त्याच्यासोबत गेलेल्या दोघांना विचारलं. कुणालाच काही माहीत नव्हतं. आता पोलीस ठाणंच उरलं होतं. पण त्याचा फोटो आणि आधारची प्रत आईच्या पेटीत, आणि पेटीची किल्ली तिच्या कमरेला.

“ठाण्यात कायले?” ती म्हणायची. “पोरगा हरपला मनून लिवून देऊ? देवाले खोटं पाडू?”

रोज संध्याकाळी ती एक भाकर जास्त थापायची आणि झाकून ठेवायची. सकाळी ती शिळी भाकर मी चहासोबत खायची.

तूर घरात आली तेव्हा एका दुपारी माझा धीर सुटला. आई तूर निवडत होती. मी शास्त्र उघडलं आणि त्या वचनाच्या आधीचं मोठ्याने वाचलं. परक्या मुलखातच घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा. सत्तर वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन.

“सत्तर वर्षं, माय! ज्यायले हे सांगतलं ते तं बहुतेक तिथंच मेले. चिठ्ठीत एवढं मावत नाही, म्हणून मी लिहिलं नव्हतं.”

आईचा हात सुपात थांबला.

“सत्तर?” ती म्हणाली. “तवरोक मी कायची राह्यतो वं, बाई.”

बऱ्याच वेळाने तिने कमरेची किल्ली सोडली.

फोटो दहावीचा निघाला, मिसरूडही न फुटलेला. ठाण्यातल्या हवालदाराने तक्रार लिहून घेतली. सुरतेकडे सापडलेल्या बेवारस प्रेतांचे फोटो पाहावे लागतील, असं तो हळूच म्हणाला. मी खुर्ची पुढे ओढली.

“तू सरक,” आई म्हणाली. “म्या पैदा केला, मीच वयखीन.”

हवालदाराने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. पहिल्या चेहऱ्यावर ती फार वेळ थांबली.

“हा आपला नाही,” ती म्हणाली. “पन याची माय कुठं असन?”

हवालदाराने पुढचा फोटो उघडला.