खान्देशात गेलो आणि मुराळी होऊन आलो

फेब्रुवारीच्या शेवटी फिरून आलो आणि लिहितोय आता, आंबे बाजारात आल्यावर. चार-पाच जणांनी विचारलं, खान्देशचं काय झालं रे, टाकतोयस ना? टाकतो टाकतो म्हणत राहिलो. आळस आहेच, नाही म्हणत नाही, पण या वेळी दुसरंही कारण होतं. या सहलीचा शेवट मला माहीत नव्हता. अजूनही नाही. पण परवा-तेरवावर आखाजी आलीय, म्हणजे तुमची अक्षय तृतीया, आणि आता नाही लिहिलं तर लिहिणारच नाही.

जायचं कसं ठरलं, तर गर्दीचा वीट आला म्हणून. जानेवारीत कोकणात गेलो होतो, तिथे सूर्यास्त बघायला रांग होती. नकाशा काढला आणि जिथले कुणीच फोटो टाकत नाही असा कोपरा शोधला. तापी दिसली. बस.

पुण्याहून धुळ्याला एसटीने उजाडता उजाडता पोचलो. सॅक लॉजवर टाकून लगेच लळिंगला. हायवेने मालेगावकडे जाणारी कुठलीही गाडी पायथ्याच्या गावात सोडते. चढ फार नाही, पण सावली अजिबात नाही. पाणी घेऊन जा आणि सकाळीच जा. वर कातळात खोदलेली टाकी आहेत, माकडं आहेत, आणि अख्ख्या किल्ल्यावर मी एकटा. खाली मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रक मुंग्यांसारखे सरकत होते. परत येऊन धुळ्यात शेवभाजी खाल्ली. तर्री बघून घाबरू नका, ती दिसते तेवढीच तिखट असते, म्हणजे बऱ्यापैकी.

दुसऱ्या दिवशी शिरपूरच्या एसटीत बसलो ते नरडाण्याला उतरून कपिलेश्वरला जायचं म्हणून. पण मध्ये सोनगीर लागलं आणि खिडकीतून तांबं ठोकल्याचा आवाज आला. उतरलो. तांबटाच्या दुकानासमोर दीड-दोन तास बसलो आणि एक तांब्या विकत घेतला. सॅकमध्ये मावेना, म्हणून बाहेर बांधला. त्यानंतर मी जाईन तिथे टण टण.

त्या टणटणीमुळेच नाना भेटले. नरडाण्याच्या फाट्यावर वडापच्या जीपमध्ये माझ्या शेजारी बसलेले, टोपी, धोतर, मांडीवर खताची रिकामी पोती. बराच वेळ तांब्याकडे बघून म्हणाले, "कोन गावना पोऱ्या शे?" म्हटलं पुण्याचा, कपिलेश्वर बघायला आलोय. शिवरात्रीची जत्रा तर होऊन गेली, आता काय बघशील, असं त्यांचं म्हणणं. काहीच नाही म्हणूनच आलो म्हटलं, तर ते त्यांना पटलं असावं, कारण गावात उतरताना मलाही उतरवलं. आधी जेव, मग बघ. गावाचं नाव लिहीत नाही. नानांना आवडणार नाही.

घर गावाबाहेर शेतातच. अक्का, म्हणजे नानांची बायको, पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत होत्या. पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं. वांगी पांढरट हिरवी, हाताएवढी लांब, हंगामातली शेवटची. भाजून, सोलून, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचली, वरून दाणे आणि कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडदाची. मी पुण्यात ज्याला भरीत म्हणायचो त्याला यापुढे वेगळं नाव शोधावं लागेल.

अक्का वाढता वाढता म्हणाल्या, "बठ्ठं खाई ले." मी मांडी घालून बसलेलोच होतो. म्हटलं, बसलोय की अक्का. त्यांनी आणखी वाढलं आणि पुन्हा तेच. मी जरा सावरून बसलो. शेवटी नानांनी सांगितलं, बठ्ठं म्हणजे सगळं.

ताट संपल्यावर अक्कांनी विचारलं, पुण्यात राहतोस तर हडपसर माहीत आहे का. आहे म्हटलं. नाना उठून बाहेर खाटेवर जाऊन बसले. अक्का मग माझ्या जवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "मना मुराळी व्हशी का?"

आता मी मूळचा जेजुरीकडचा. आमच्याकडे मुरळी म्हणजे खंडोबाला वाहिलेली, घाटी वाजवत नाचणारी बाई. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "अक्का, मला नाचता येत नाही."

अक्का पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. बाहेर नानाही खोकल्यासारखं करून हसले.

मग सगळं कळलं. मुराळी म्हणजे आखाजीला सासरी जाऊन लेकीला माहेरी घेऊन येणारा. भाऊ जातो, नाहीतर बाप. आखाजीला खान्देशात झाडांना झोके बांधतात, लेकी येतात, गाणी म्हणतात. दिवाळीला नाही आली तर चालतं, आखाजीला यावंच लागतं. पण आपणहून यायचं नाही. मुराळी आला की निघायचं.

नाना-अक्कांना एकच लेक, रेखा, आता हडपसरला. धुळ्याला कॉलेजात होती तेव्हा दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न केलं. नाना तेव्हा म्हणाले, या घरातून मुराळी जाणार नाही. भाऊ तर नाहीच. तेव्हापासून समोरच्या निंबाला झोका बांधलेला नाही. अक्का फोनवर बोलतात तिच्याशी, नाना शेतात गेले की.

"मन्ही पोरले लई ये," अक्का म्हणाल्या, म्हणजे माझ्या पोरीला घेऊन ये. बाहेरून नाना म्हणाले, "तिले पाय शेतस." पाय आहेत तिला, यायचं तर येईल.

मी हो म्हटलं. का म्हटलं विचारू नका, भरीत पोटात होतं.

दुपार कलल्यावर नाना मला कपिलेश्वरला घेऊन गेले. काळ्या दगडाचं जुनं देऊळ, खाली पांझरा तापीला मिळते. पाणी कमी, वाळूवर टरबुजांचे वेल. नाना पायरीवर बसून राहिले, मीही. लेकीचं नाव निघालं नाही. निरोप घेताना आपण पुण्याचे लोक म्हणतो तसं मी म्हटलं, या नाना एकदा आमच्याकडे. आपल्याकडे त्याचा अर्थ येऊ नका असाच असतो. नानांनी विचारलं, राहतोस कुठे. म्हटलं कसब्यात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत. "गिरणीवर," ते म्हणाले.

नरडाण्याहून पॅसेंजरने अमळनेर, धरणगाव करत जळगाव, तिथून एसटीने मुक्ताईनगर. संत मुक्ताबाईच्या देवळात बायका देवदर्शनाला नाही, लेकीकडे यावं तशा येतात. दोघी पायरीवर बसून तिला घरातली भांडणं सांगत होत्या. पुढे चांगदेवला पूर्णा आणि तापीचा संगम, तीच तापी, वरच्या अंगाला. चहाच्या टपरीवर मी ऐटीत विचारलं, चहा शे का. टपरीवाला म्हणाला, "धुळ्याचे का भाऊ? इकडं असं नाही बोलत." इतका मान मला कधी मिळाला नव्हता. खर्च म्हणाल तर सगळी सहल पुण्यातल्या दोन चांगल्या जेवणांच्या आत झाली.

परत आल्याच्या रविवारी हडपसरला गेलो. अक्कांनी दिलेलं बोचकं हातात: बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि एक खण. दार रेखाताईंनीच उघडलं. म्हटलं, मी तुमचा मुराळी. त्या आधी हसल्या. मग बिबडा मोडून तसाच, न भाजता, दारात उभ्या उभ्या खाल्ला.

"नानांनी पाठवलं?"

खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, अक्कांनी.

"मग नाही येणार. मुराळी घरचा लागतो."

चहा दिला, नवऱ्याशी ओळख करून दिली, नानांचा खोकला कसा आहे ते दोनदा विचारलं. मी संध्याकाळी अक्कांना फोन लावला तर उचलला नानांनी. जे झालं ते सांगितलं, रेखाताईंच्याच शब्दांत. मग फोन ठेवल्याचा आवाज.

म्हणून हे लिहिणं अडकलं होतं. लोक विचारतात काय बघण्यासारखं आहे तिकडे, आणि मला किल्ला आठवत नाही, झोका नसलेला निंब आठवतो. जा नक्की. लळिंगला जा, सोनगीरला तांब्या घ्या. पण कुणाच्या घरी जेवलात तर काहीतरी अंगावर घेऊन याल, एवढं लक्षात ठेवा. मी हरलेला मुराळी आहे, आणि आखाजीला आता

थांबा. खालून गिरणीवाले काका ओरडतायत, अरे तुझे नाना आलेत म्हणून. मला नाना कुणी नाहीत.

खिडकीतून बघितलं. टोपी, धोतर, हातात नवा कोरा सुताचा दोर, झोक्याचा. मान वर करून म्हणतायत, "मुराळी, चाल. पोरनं घर दखाड."