मागचा खड्डा

बायको, राधाबाई, गेल्या आणि सीताराम मेस्त्रींनी आयुष्यात पहिल्यांदा ओल्या कचऱ्यात हात घातला.

लालबागच्या त्यांच्या चाळीमागे चिंचोळी मोकळी जागा होती. तिथे राधाबाईंनी खड्डा खणून चाळभरातली सालं, देठं, निर्माल्य जिरवायला घेतलं होतं. त्या खतावर जास्वंद, कढीपत्ता, अळू माजलं होतं. "मातीतला मातीक जाऊक व्हया," असं त्या म्हणायच्या, आणि सीताराम नाक मुरडायचे.

आता तेच रोज मागे जायचे. कचऱ्यावर सुका पाचोळा पसरायचा, काठीने खालीवर करायचं, झाडांच्या बुंध्याशी पाल्याचा जाड थर द्यायचा. तेवढा वेळ घर खायला उठत नसे. एकदा मुठीत घेतलेलं खत कोमट लागलं. कितीतरी वेळ त्यांनी मूठ उघडली नाही.

पावसाळ्यात दुसऱ्या माळ्यावरच्या लहानग्या मनवाला डेंगी झाला. तिला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. संध्याकाळी चाळ कमिटीचा निलेश दारात आला.

"काका, तो खड्डा बुजवा. मच्छर तिथूनच येतात."

"अरे, त्यात पाणी साचत नाही. रोज बघतो मी."

मागे मनवाची आई प्रिती उभी होती, डबा न्यायला घरी आलेली. ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. सीतारामांचा धीर सुटला. खरंच आपल्यामुळे झालं असेल तर?

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच खड्ड्यात विटा-सिमेंटच्या तुकड्यांचं रॅबिट लोटलं. निलेशने वर लाद्या बसवून घेतल्या. त्या कामात जास्वंद मुळासकट निघाली.

पुढे पालिकेची माणसं तपासणीला आली. गच्चीवर चाळीच्या गणपती मंडळाची ताडपत्री पडली होती, तिच्या घडीत साचलेल्या पाण्यात अळ्या सापडल्या. निलेशने ताडपत्री झटकली. सीतारामांच्या दारी मात्र कुणी फिरकलं नाही.

मनवा बरी होऊन घरी आली, तेव्हा प्रिती आली.

"काका, कुंडीत परत सुरू करूया? मी सालं आणून देईन. तुमच्यावर उगाच..."

"पोर बरी आहे ना? मग झालं. तुझ्या जागी राधा असती, तर तिनेही माझ्याकडे तसंच बघितलं असतं."

"मग करूया ना?"

"नको गं. आता हात नाही चालत."

ती गेल्यावर त्यांनी दुधीची सालं प्लास्टिकच्या पिशवीत भरली, गाठ मारली आणि पिशवी दाराबाहेर ठेवली. संध्याकाळ व्हायला अजून पुष्कळ वेळ होता.